आधी मत, मग पिक्चर

जुना क्लासिक पिक्चर घरी बघायला बसताय ना, मग सगळ्यात आधी मत तयार ठेवा. लोक नेमकं उलटं करतात, अडीच-तीन तास पिक्चर बघतात, मग आपल्याला काय वाटलं याचा विचार करत बसतात, आणि तोवर ग्रुपवर बाकीच्यांची मतं पडून, भांडणं होऊन, दोघं जण ग्रुप सोडून जाऊन विषय नव्या सिरीजवर पोचलेला असतो. त्यामुळे टायटल्स चालू असतानाच पोस्टरचा फोटो टाकायचा आणि खाली 'फायनली!' एवढंच लिहायचं. अर्ध्या तासाने 'स्लो आहे, पण भारी'. हे वाक्य पाठच करून ठेवा, कुठल्याही देशाच्या कुठल्याही ब्लॅक अँड व्हाइट पिक्चरला ते बसतं आणि त्याला आजवर कुणी हरकत घेतलेली मी तरी बघितली नाही.

बघायचा कशावर, तर अर्थात मोबाइलवर. आता 'सिटिझन केन' घ्या, १९४१ चा. त्यात एक सीन आहे, घरात टेबलाशी बसून आई पोराला दुसऱ्याच्या ताब्यात द्यायच्या कागदांवर सही करतेय आणि मागे खिडकीतून तो पोरगा बाहेर बर्फात खेळताना दिसतोय, जवळचं आणि लांबचं दोन्ही एकदम स्पष्ट, म्हणजे ज्याचं आयुष्य इथे ठरतंय तो तिकडे मजेत ओरडतोय आणि त्याला पत्ताच नाही. ग्रेग टोलंड नावाच्या कॅमेरामनने यासाठी लेन्स, लाइट, फिल्म सगळ्याशी झटापट केली होती. मोबाइलवर तो पोरगा मुंगीएवढा दिसतो, ब्राइटनेस कमी असेल तर दिसतच नाही, आणि मग तुम्ही बिनधास्त लिहू शकता की 'कॅमेरावर्क ठीकठाक, एवढं काय डोक्यावर घेतलंय कळलं नाही'. तसंही 'केन'ला ओव्हररेटेड म्हणणं आता सोपं झालंय. 'साइट अँड साउंड' मासिक दर दहा वर्षांनी समीक्षकांना विचारून सर्वश्रेष्ठ सिनेमांची यादी काढतं, त्यात १९६२ ते २००२ सलग पाच वेळा हा पहिला होता, २०१२ ला हिचकॉकच्या 'व्हर्टिगो'ने त्याला खाली ओढला. म्हणजे तुम्ही एकटे पडणार नाही. एकटं पडायची भीती असेल तिथे मत देऊच नये, हा नियम लक्षात ठेवा.

टीव्हीवर बघणार असाल तर आधी सेटिंगमध्ये जाऊन चित्र पूर्ण स्क्रीनभर ताणून घ्या. जुने पिक्चर जवळजवळ चौकोनी असायचे, दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या येतात, आणि एवढा मोठा टीव्ही काय पट्ट्या बघायला घेतलाय का? ताणल्यावर सगळे नट थोडे जाडे होतात, चंद्रसुद्धा अंड्यासारखा दिसतो, पण स्क्रीन भरते. 'बेन-हर'चं उलटं, १९५९ चा तो पिक्चर उंचीच्या पावणेतीनपटीहून जास्त रुंद, त्यामुळे पट्ट्या वर-खाली. तो झूम करायचा. चार घोड्यांच्या रथाला अडीच घोडे उरतात, पण चेहरे कसे मोठे दिसतात. आणि हो, ते हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग असतं ना टीव्हीत, ते चालूच ठेवा, त्याने कुठलाही महान पिक्चर दुपारच्या सिरीयलसारखा दिसतो, मग 'मेकिंग जरा सिरीयल टाइप वाटलं' असं लिहायला तुम्ही मोकळे.

लांबीचं टेन्शन घेऊ नका, दहा सेकंद पुढे ढकलायचं बटण कशाला दिलंय. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' १९६२ चा, पावणेचार तासांच्या आसपास, आणि सुरुवातीलाच काही मिनिटं नुसता काळा पडदा आणि संगीत. थिएटरात लोक आत येऊन बसावेत म्हणून ती सोय होती, घरी मात्र लोक राउटर बंद-चालू करून येतात. पुढे ओमर शरीफची एंट्री, वाळवंटात क्षितिजावर एक थरथरणारा ठिपका, तो हळूहळू उंटावरचा माणूस होतो, आणि जो विहिरीपाशी बसलाय त्याच्या पोटात भीती चढत जाते कारण येणारा कोण आहे तेच कळत नाही. आता हा सगळा वेळ वाचवायचाय तर सात-आठ वेळा टकटक करा, शरीफ आलाच बघा. मग तक्रार करा की एंट्रीला काही इम्पॅक्टच नाही.

मूकपट असेल तर फारच उत्तम. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला सोळा-अठरा-वीस अशा कितीही फ्रेम्स, आणि नंतर तेच आजच्या चोवीसच्या स्पीडला लावलं की सगळे धावत सुटल्यासारखे चालतात. हे कुणी सांगायला लागलं तर ऐकून घेऊ नका. 'तेव्हाची अ‍ॅक्टिंगच तशी होती' हे जास्त छान वाटतं. अपलोड करणाऱ्याने मागे जी कुठली पियानोची धून डकवली असेल तिचं मात्र भरभरून कौतुक करा, 'शंभर वर्षांपूर्वी काय म्युझिक द्यायचे यार'.

पण खरी मजा ऐतिहासिक पिक्चरमध्ये आहे. तिथे दोन हत्यारं लागतात, विकिपीडिया आणि पॉजचं बटण. 'ब्रेव्हहार्ट', म्हणजे इंग्रजांशी लढणाऱ्या स्कॉटलंडच्या विल्यम वॉलेसचा पिक्चर, लावलात की स्टर्लिंगच्या लढाईला पॉज करा आणि घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा की १२९७ ची ही खरी लढाई एका अरुंद पुलावर झाली, इंग्रज तो ओलांडत असताना अर्धे इकडे अर्धे तिकडे अडकले आणि मारले गेले, आणि पिक्चरमध्ये पूलच नाही! सपाट मैदान! पुन्हा पॉज, हे असले पट्टेवाले घागरे स्कॉटलंडमध्ये काही शतकांनी आले. पुन्हा पॉज, वॉलेसला १३०५ ला मारलं तेव्हा ही राजकन्या इझाबेला लहान पोर होती आणि फ्रान्समध्ये होती. एव्हाना घरातले झोपायला गेलेले असतात, पण माहितीचा प्रसार म्हणजे थोडा त्याग आलाच. 'ग्लॅडिएटर'ला मात्र घाई करू नका, शेवटच्या झुंजीपर्यंत दम धरा, सगळे श्वास रोखून बसले की मग सांगा की कोमोडसला, म्हणजे त्यातल्या रोमन बादशहाला, खरं तर नार्सिसस नावाच्या पैलवानाने गळा दाबून मारलं, इसवी सन १९२ मध्ये, बाप गेल्यावर चांगली बारा वर्षं राज्य करून झाल्यावर. (तो आखाड्यात उतरायचा हे खरंय, ते सांगू नका, त्याने दिग्दर्शकाची बाजू मजबूत होते.)

आता याच्या बरोब्बर उलट नियम आवडत्या पिक्चरला. 'अमेडियस' १९८४ चा, आवडला असेल तर त्यातलं सगळं खरं धरायचं. सालिएरी नावाचा संगीतकार मोझार्ट या दुसऱ्या संगीतकारावर जळायचा, त्यानेच त्याला संपवला, आणि 'प्रत्येक ऑफिसात एक सालिएरी असतो' असं स्टेटस. मोझार्टच्या धाकट्या मुलाला पुढे ह्याच सालिएरीने संगीत शिकवलं वगैरे तपशिलात शिरलात तर स्टेटसची धार जाते. आयझेन्स्टाइनच्या 'बॅटलशिप पोटेमकिन'चंही तसंच, त्या ओडेसाच्या पायऱ्या, ती सुटलेली बाबागाडी. १९०५ ला त्या शहरात गोळीबार आणि मृत्यू झाले, पण सैनिकांनी पायऱ्यांवर केलेली ती कत्तल जशी दिसते तशी झाली नव्हती, ती १९२५ ला कॅमेऱ्यासमोर घडली, आणि इतकी पक्की घडली की आता लोकांना तीच आठवते. थोडक्यात, आपल्या बाजूचा असेल तो इतिहास आणि समोरच्याच्या बाजूचा असेल ती इतिहासाची मोडतोड. आणि दोन्हीकडून कुणी पकडलंच तर 'सिनेमॅटिक लिबर्टी' हा शब्द आहेच, तो छत्रीसारखा जवळ ठेवायचा.

मधेमधे एखादा डायलॉग पेरा, तो पिक्चरमध्ये असायलाच हवा असं नाही. 'कॅसाब्लांका'चा विषय निघाला की 'प्ले इट अगेन, सॅम' म्हणायचं, हे वाक्य त्या पिक्चरमध्ये कुणीच म्हणत नाही पण सगळे ओळखतात. जे खरोखर म्हटलंय ते म्हणाल तर लोक तुमच्याकडे बघत राहतील. कुरोसावाचा 'राशोमोन' तर न बघताच वापरायचा असतो, कुणी दोघांनी एकाच गोष्टीचं वेगवेगळं सांगितलं की 'राशोमोन इफेक्ट' म्हणून मोकळं व्हायचं. पिक्चर दीड तासाचाही नाही, पण तेवढा तरी वेळ कुणाकडे आहे. आणि मनाला लावूनही घेऊ नका, त्यात एक मेलेला सामुराईसुद्धा मांत्रिक बाईच्या तोंडून स्वतःला शोभेल अशी गोष्ट सांगून जातो, तेव्हा आपण जिवंत माणसांनी एका न बघितलेल्या पिक्चरबद्दल दोन ओळी ठोकल्या तर एवढं काय.

एका पिक्चरपासून मात्र जपून राहा. 'साइट अँड साउंड'च्या त्याच यादीत २०२२ ला 'झान दिएलमान' पहिला आला, शॉंताल आकेरमान नावाच्या बाईने जेमतेम पंचविशीत केलेला, १९७५ चा, २०१ मिनिटांचा, आणि त्यात एक बाई बटाटे सोलते, अंथरूण आवरते, बूट पॉलिश करते, दिवे बंद करते. तीन दिवस. ह्यावर जोक करायची एवढी सोय आहे की बघायची गरजच पडू नये, दीडपट स्पीडला १३४ मिनिटांत उरकतो असा हिशोब टाकलात तरी वीसेक लाइक कुठे गेले नाहीत. पण ग्रुपमध्ये एखादा विचित्र प्राणी असतोच, सगळ्या आवाजासकट, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बघणारा. बाकीच्यांचे जोक चालू असताना रात्री कधीतरी तो मधेच लिहितो की दुसऱ्या दिवशी तिचे बटाटे जास्त शिजतात आणि ती ते पातेलं हातात घेऊन घरभर फिरते, ठेवायचं कुठे तेच तिला सुचत नाही, तेव्हा मला घाम फुटला.

घाबरू नका. हसणारं तोंड टाका आणि विचारा, कुठे अव्हेलेबल आहे?