'परीक्षेत विचारत नाहीत, पाठ कर'

आज टाळकंच फिरलंय. भाची नौपाड्यातल्या क्लासहून तोंड पाडून आली. परदेशी शिकायला जायचंय, म्हणून परीक्षेसाठी इंग्रजी शब्दांच्या याद्या घोकणं चाललंय. तिने एवढंच विचारलं, 'सर, मेरिटोरियस आणि मेरेट्रिशस इतके सारखे दिसतात, मग अर्थ उलटे कसे?' सर म्हणाले, 'परीक्षेत विचारत नाहीत, पाठ कर.' वर सगळा वर्ग हसला.

अहो, सांगायला दोन मिनिटं लागतात! लॅटिनमध्ये 'मेरेरे' म्हणजे कमावणं, पात्र ठरणं. मान कमावण्याजोगं ते मेरिटोरियस. आणि रोममध्ये देह विकून कमावणारी बाई ती मेरेट्रिक्स. तिच्या नटण्यावरून मेरेट्रिशस, म्हणजे वरून झगमग, आत पोकळ. तिच्या कमाईची भाषेने शिवी करून टाकली. एकदा हे ऐकलेली मुलगी ते जन्मात विसरेल का?

आणि आपल्या मुलांना हे नवीन थोडंच आहे? शाळेत संस्कृत घेतलेल्या पोरांना विचारा. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार, सगळे एका 'हृ' धातूचे. मग लॅटिनचीच कसली भीती?

मान्य, सरांना यादी संपवायची असते. सगळेच शब्द असे सरळ उलगडतही नाहीत. पण म्हणून विचारणाऱ्या मुलीला हसायचं?

रात्री जेवता जेवता तिनेच विषय काढला, 'मावशी, इंजीनियस आणि इंजेन्युअस?' यादीत दोघांपुढे लाल फुल्या होत्या. म्हटलं, 'इंगेनियुम' म्हणजे उपजत बुद्धी, म्हणून इंजीनियस म्हणजे कल्पक. 'इंगेनुउस' म्हणजे जन्माने स्वतंत्र, गुलाम नव्हे. तो मोकळेपणाने बोलणार, म्हणून इंजेन्युअस म्हणजे निष्कपट, जरा भाबडासुद्धा. दोन्हींच्या मुळाशी जन्म, आपल्या 'जन्' धातूचं लॅटिन भावंड. उष्ट्या हाताने तशीच बसून राहिली. मग म्हणाली, 'म्हणजे जनक, जननी... आणि जीनियस, जनरेशनपण?' हो गं बाळा, तेसुद्धा!

ह्या मुलीला गप्प बसवलं त्यांनी.

त्याच यादीत एनर्व्हेटपुढे छापलंय, 'एनर्जीसारखा दिसतो, पण अर्थ उलटा, लक्षात ठेवा.' कशाच्या जोरावर? 'नेर्वुस' म्हणजे स्नायुबंध. तोच काढून घेतला की माणूस गळाठणार, एवढी एक ओळ छापायला काय जात होतं?

ठाण्यात कोणाची मुलं ह्या परीक्षांना बसत असतील, तर रविवारी सकाळी आमच्याकडे पाठवा. फी नाही. यादी घेऊन या आणि वाट्टेल तेवढं विचारा.