‘भारत प्रत्येक युद्धात एकटाच लढला’ : या मेसेजमधला एकेक दावा तपासू

ऑपरेशन सिंदूर झाल्यापासून कोल्हापुरात पेठांच्या, तालमींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. थोडा थंडावतो आणि नवा फोटो लावून परत येतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा : खरा मित्र असतो तो सैन्य पाठवतो. 1962 ला आपल्यासाठी कोणी आलं नाही. 1971 ला रशिया नुसता बोलला. कारगिलला इस्रायलने पैसे घेऊन माल विकला. सिंदूरच्या वेळी पाकिस्तानच्या मागे चीन आणि तुर्की होते, आपल्या मागे कोणीच नाही. म्हणून भारतानेही यापुढे कोणाच्या भानगडीत पडू नये.

सैनिक टाकळीसारखी गावं ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे हा मेसेज नुसता वाचून सोडून देता येत नाही. ज्यांच्या घरातला माणूस सीमेवर होता, त्यांना आपण सांगतोय की जगात तुमच्या पाठीशी कोणीच नव्हतं. हे खरं नाही, आणि त्यांच्यापर्यंत खोटं जाऊ नये.

‘खरा मित्र सैन्य पाठवतो’

सगळ्या मेसेजचा पाया हाच आहे, आणि तोच कच्चा आहे. 1982 मध्ये ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात झालेलं फॉकलंड युद्ध बघा. अमेरिका आणि ब्रिटन यांच्याइतके जवळचे मित्र देश शोधून सापडायचे नाहीत. तरी अमेरिकेचा एकही सैनिक तिथे लढायला गेला नाही. उलट एप्रिलअखेरपर्यंत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग मध्यस्थ म्हणून लंडन आणि ब्युनोस आयर्सच्या फेऱ्या मारत होते. त्याच दिवसांत संरक्षणमंत्री कॅस्पर वाइनबर्गर यांचं खातं ब्रिटनला लागेल ते देत होतं. अटलांटिकच्या मध्यावरच्या असेन्शन बेटावर विमानांना इंधन मिळालं. सी हॅरियर विमानांना साइडवाइंडर क्षेपणास्त्रांची सर्वात नवी आवृत्ती मिळाली आणि अर्जेंटिनाची बरीच विमानं तिनेच पाडली.

अर्जेंटिनाच्या शेजारच्या चिलीचं तर नावही तेव्हा कोणी घेतलं नाही. अर्जेंटिनाची विमानं दक्षिणेकडच्या तळांवरून उडाली की चिलीच्या रडारवर दिसायची आणि खबर ब्रिटिशांना पोचायची. 8 जूनला हे लांब पल्ल्याचं रडार देखभालीसाठी बंद ठेवावं लागलं. नेमकं त्याच दिवशी ‘सर गॅलहॅड’ या जहाजावर बॉम्ब पडले आणि ब्रिटिशांची त्या युद्धातली सर्वात मोठी मनुष्यहानी झाली. गुपचूप मिळणाऱ्या मदतीची किंमत ती एक दिवस थांबल्यावर कळली. दुसऱ्या बाजूला पेरूने अर्जेंटिनाला दहा मिराज विमानं दिली, तीही गाजावाजा न करता.

खासबागेत पैलवान एकटाच उतरतो. खुराक कोणी पुरवला आणि जोर कोणी करून घेतला, हे मैदानात दिसत नाही. युद्धातही दिसतं ते एवढंच.

‘1962 ला कोणी आलं नाही’

नोव्हेंबर 1962 च्या पहिल्या आठवड्यातच अमेरिकेची मालवाहू विमानं शस्त्रं घेऊन कोलकात्यात उतरायला लागली होती. ब्रिटननेही शस्त्रं पाठवली. पण मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी मदत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष अयुब खान यांना पत्र लिहून सांगितलं, की भारत चीनशी लढत असताना काश्मीरकडून त्रास देऊ नका. त्या हिवाळ्यात पश्चिमेकडे दुसरी आघाडी उघडली नाही. याचा फोटो निघत नाही, म्हणून तो मेसेजमध्ये येत नाही.

19 नोव्हेंबरला नेहरूंनी केनेडींना दोन पत्रं लिहिली आणि अमेरिकी वैमानिकांसह लढाऊ विमानांच्या बारा स्क्वाड्रन मागितल्या. अलिप्ततेचं धोरण जगाला सांगणाऱ्या पंतप्रधानाला हे जाहीर करणं शक्य नव्हतं, म्हणून ती पत्रं कित्येक वर्षं झाकलेलीच राहिली. 21 तारखेला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली आणि तो प्रश्नच उरला नाही. पण ‘कोणी आलं नाही’ यात ‘आम्ही उघडपणे बोलावू शकत नव्हतो’ हेही मिसळलेलं आहे, ते वेगळं काढायला हवं.

ही मदत फुकट नव्हती. अमेरिका आणि ब्रिटनच्या दबावाखाली डिसेंबर 1962 पासून मे 1963 पर्यंत भारताचे स्वर्णसिंग आणि पाकिस्तानचे भुट्टो यांच्यात काश्मीरवर चर्चेच्या सहा फेऱ्या झाल्या. हाती काही लागलं नाही. मदत करणारा नंतर काही मागतो, एवढं मेसेजवाल्यांचं म्हणणं मला मान्य आहे. मदतच झाली नाही, हे मान्य नाही.

‘1971 ला रशिया नुसता बोलला’

बोलला, आणि नेमकं तेच बोलणं आपल्याला हवं होतं. डिसेंबरमध्ये सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचे ठराव आले आणि सोव्हिएत संघाने तीनदा नकाराधिकार वापरला. युद्धबंदी लादली गेली असती तर ढाक्याला पोचण्याआधीच आपल्या फौजांना थांबायला लागलं असतं. लोकांना सांगायला आवडते ती रशियन पाणबुड्यांनी अमेरिकेचा सातवा ताफा परतवल्याची गोष्ट. व्लादिवोस्तोकहून जहाजं निघाली होती हे खरं, पण त्या तेरा दिवसांत कामाला आला तो नकाराधिकार.

अमेरिकेनेही आपल्या मित्राला, म्हणजे पाकिस्तानला, अशीच लपूनछपून मदत केली. पाकिस्तानला शस्त्रं द्यायला बंदी होती आणि तिसऱ्या देशाकडून अमेरिकी विमानं देणंही कायद्यात बसत नव्हतं. हे माहीत असूनही निक्सन आणि किसिंजर यांनी जॉर्डनची एफ-104 विमानं पाकिस्तानकडे जाऊ दिली. इस्रायलशी तेव्हा आपले राजदूत पातळीवरचे संबंध नव्हते, ते 1992 मध्ये सुरू झाले. तरी गोल्डा मेयर यांच्या सरकारने 1971 मध्ये भारताकडे तोफा आणि दारूगोळा वळवला.

‘इस्रायलने पैसे घेतले’

घेतले. माल फुकट मिळाला असं कोणी म्हणत नाही. पण कारगिल युद्धाच्या वेळी पोखरणच्या अणुचाचण्यांना जेमतेम वर्ष झालं होतं आणि भारतावर निर्बंध होते. पैसे असले तरी माल द्यायला कोण तयार आहे, हा तेव्हाचा प्रश्न होता. इस्रायलने तोफांचा दारूगोळा दिला. मिराज विमानांवर लक्ष्य टिपणारी लायटनिंग यंत्रणा बसवायला त्यांचे तंत्रज्ञ आपल्या अभियंत्यांबरोबर राबले. 24 जून 1999 ला टायगर हिलवर लेझरने नेम धरलेला बॉम्ब पडला तो त्यामुळे. 4 जुलैला आपल्या जवानांनी ते शिखर जिंकलं. शिखर चढले ते आपलेच जवान, आणि ते श्रेय इस्रायलला द्यायचं कारण नाही. पण युद्ध चालू असताना वेळेवर आलेला माल आणि सहा महिन्यांनी आलेला माल यांची किंमत एक नसते.

‘सिंदूरच्या वेळी आपल्या मागे कोणीच नव्हतं’

यातला अर्धा भाग बरोबर आहे. चीनने पाकिस्तानला युद्धातली ताजी माहिती पुरवली, तुर्कीचे ड्रोन होते, हे आपले लष्कर उपप्रमुख लेफ्टनंट जनरल राहुल सिंग यांनी जुलै 2025 मध्ये जाहीरपणे सांगितलं. पण म्हणजे चीनचीही मदत गुपचूपच होती. चीनने सैन्य पाठवलं नाही, तरी तो पाकिस्तानचा मित्र ठरतो. मग आपल्याला वेगळा निकष का? आपल्याकडची एस-400 ही हवाई संरक्षण यंत्रणा रशियाची, राफेल विमान फ्रान्सचं, ब्रह्मोस क्षेपणास्त्र रशियाच्या भागीदारीतलं. एस-400 चा करार 2018 चा आहे आणि तो करू नये म्हणून अमेरिकेने निर्बंधांची भीती घातली होती. मदत युद्धाच्या आठवड्यात मोजायला बसलं की आधीची सात वर्षं हिशेबातून गळतात.

‘भारताने कोणाच्या भानगडीत पडू नये’

हा शेवटचा मुद्दा सगळ्यात जास्त खटकतो, कारण आपण स्वतः हे केलं आहे आणि चांगलं केलं आहे. 1971 मध्ये युद्ध जाहीर होण्याच्या कितीतरी आधी, प्लासीजवळ भागीरथीच्या पात्रात भारतीय नौदल पूर्व पाकिस्तानातल्या बंगाली तरुणांना पोहायला आणि जहाजाच्या बुडाला सुरुंग चिकटवायला शिकवत होतं. फ्रान्समध्ये पाकिस्तानी पाणबुडी सोडून पळालेले आठ बंगाली खलाशी त्यांच्यात होते. या मोहिमेच्या सूत्रधारांत मोहन नारायण सामंत हे मराठी अधिकारी होते, पुढे त्यांना महावीर चक्र मिळालं. कोलकाता आकाशवाणीवर ठरलेलं एक गाणं लागलं की तयारी करायची, दुसरं लागलं की निघायचं. 15 ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या बंदरांत जहाजं बुडाली. यात आपला हात नाही, असंच भारत तेव्हा सांगत राहिला. बांगलादेश मात्र उभा राहिला.

आणि कोल्हापूरकरांनी तर हे म्हणूच नये. 1943 ते 1948 या काळात वळिवड्याच्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. सायबेरियातून इराणमार्गे आलेल्या या लोकांना कोल्हापूर संस्थानात जागा मिळाली, त्यांच्या शाळा चालल्या, चर्च उभं राहिलं. त्याच 1943 मध्ये रशियातल्या कातीनच्या जंगलात स्टॅलिनच्या पोलिसांनी मारलेल्या पोलिश अधिकाऱ्यांची सामूहिक थडगी सापडली, आणि स्टॅलिन दुखावू नये म्हणून ब्रिटनने त्यावर मौन पाळलं. बलाढ्य मित्राने पोलंडच्या बाबतीत तोंड मिटून घेतलं, त्या वर्षी पंचगंगेकाठच्या माळावर त्यांच्या मुलांना छप्पर होतं. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनमधून आपले विद्यार्थी जीव मुठीत धरून निघाले, तेव्हा पोलंडने त्यांना व्हिसाशिवाय सीमा ओलांडू दिली.