‘अप टू डेट’, पण कधीपर्यंतचं?

प्रोग्रामिंग शिकणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या गिटबद्दल एक मेसेज फिरतोय. गिट म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर; त्याला टाइप करून कमांड, म्हणजे हुकूम, द्यायची आणि ते पडद्यावर जे छापतं ते आउटपुट वाचायचं. त्याचा गोषवारा असा: “गिट कधी खोटं बोलत नाही, तुम्हालाच वाचता येत नाही. चांगली कमांड काम झालं की गप्प बसते. फार तर रंग द्यावा, बाकीची सजावट कशाला? जमत नसेल तर बटणांचं ॲप घ्या. आणि आउटपुट बदलायची मागणी करू नका, जगभरातल्या स्क्रिप्ट मोडतील.” खाली हात जोडल्याची खूण. (स्क्रिप्ट म्हणजे कमांड आपोआप चालवून त्यांचं आउटपुट वाचणारे छोटे प्रोग्राम.) मला तो चार गटांत आला, त्यातल्या एका गटात तर माझ्याच विद्यार्थ्यानं टाकला होता.

मी वर्धा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी राहतो. बाहेरची कामं इथूनच करतो आणि संध्याकाळी लाइन असली तर पाच-सहा पोरांना शिकवतो. त्यांतले निम्मे मोबाइलवर टर्मक्स हे कमांड टाइप करायचं ॲप टाकून शिकतात. गिटचं आउटपुट वाचताना माणूस नेमका कुठं अडखळतो, हे मी रोज बघतो. म्हणून हा मेसेज नुसता फॉरवर्ड करून सोडवेना.

आधी रेफ, म्हणजे गिटमधलं नाव, काय असतं ते सांगतो. आमच्याकडं प्रत्येक वावराला नाव असतं: वडाचं वावर, नाल्यावरचं वावर. सातबाऱ्यावर मात्र गट नंबर. बोलताना कोणी गट नंबर बोलत नाही आणि पटवाऱ्याकडं ‘वडाचं’ म्हणून भागत नाही. गिटमध्ये कमिट म्हणजे कामाचा नोंदवलेला एक टप्पा; त्याचा चाळीस अक्षरी हॅश, म्हणजे ओळखक्रमांक, हा गट नंबर, आणि ब्रँच (कामाची एक शाखा), टॅग (एका कमिटला लावलेली खूण) ही वावराची नावं. फरक एवढाच की वावर जागचं हलत नाही, ब्रँचचं नाव मात्र रोज नव्या कमिटवर जाऊन बसतं. सगळा घोळ या हलण्यातच होतो, आणि आउटपुटनं सांगायचं असतं तेही हेच: कोणतं नाव, कुठून, कुठं गेलं.

आता मेसेजमधलं पहिलं वाक्य घेऊ. गिट खोटं बोलत नाही. बरोबर आहे, बोलत नाही. पण अर्धं बोलतं. ‘गिट स्टेटस’ मारलं की ओळ येते, ‘युअर ब्रँच इज अप टू डेट विथ ओरिजिन/मेन’. पोरगा वाचतो, आपलं सगळं सर्व्हरशी, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक प्रतीशी, जुळलं. प्रत्यक्षात ही कमांड सर्व्हरला विचारतच नाही. ‘ओरिजिन/मेन’ हे तुमच्याच मशीनवर ठेवलेलं एक नाव आहे. मागच्या वेळी फेच (सर्व्हरवरचं नवं आणणं), पुल (आणून आपल्यात मिसळणं) किंवा पुश (आपलं सर्व्हरवर पाठवणं) केला तेव्हा सर्व्हरवर जे दिसलं, ते त्यात जपून ठेवलेलं असतं. हिंगणघाटच्या बाजार समितीत काल कापसाला काय भाव निघाला हे फोनवर ऐकावं, आणि आज गाडी भरताना कोणी विचारलं तर तोच भाव सांगावा, तसं हे. भाव खोटा नाही, शिळा आहे. गावातला कोणताही शेतकरी भाव सांगताना ‘कालचा’ हा शब्द जोडतो. गिट जोडत नाही.

यावर कोणी म्हणेल, वेळ कळायला मार्गच नाही. आहे. प्रत्येक साध्या फेचला डॉट-गिट फोल्डरमधली ‘फेच-हेड’ नावाची फाइल नव्यानं लिहिली जाते, तिच्या वेळेवरून शेवटची खबर कधीची ते कळतं. पुश केल्यावरही ओरिजिनचं नाव सरकतं आणि ही फाइल तशीच राहते, त्यामुळं हिशेब अगदी काटेकोर नाही. तरी ‘जुळतं’ म्हणून सोडून देण्यापेक्षा ‘काल सायंकाळपर्यंत जुळत होतं’ हे कितीतरी कामाचं.

दुसरा मुद्दा, काम झालं की गप्प बसावं. फाइलची नक्कल करणाऱ्या कमांडनं खुशाल गप्प बसावं. पण नाव हलवणाऱ्या किंवा पुसणाऱ्या कमांडचं काम फेरफारासारखं असतं. गाव नमुना सहामध्ये जुना खातेदार कोण, नवा कोण, दोन्ही लागतात. सातबाऱ्यावरही जुनं नाव कंसात राहतं. उद्या ‘पटवारी गप्प बसला म्हणजे काम झालं’ असं कोणी म्हटलं तर गावात हसं होईल. गिटनं इथं एका ठिकाणी फार शहाणपण दाखवलंय: ब्रँच पुसली की ‘डिलीटेड ब्रँच’ म्हणून नाव येतं आणि पुढं कंसात ‘वॉज’ लिहून जुन्या हॅशची पहिली काही अक्षरं. चुकून पुसली असेल तर तीच अक्षरं देऊन ब्रँच परत उभी करता येते. कंसातल्या त्या एका शब्दानं किती जणांची रात्रीची झोप वाचवली असेल!

पण हेच शहाणपण दुसरीकडं चिन्हांत गाडलं गेलंय. मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. माझे दोन विद्यार्थी एकाच प्रोजेक्टवर होते. पहिल्यानं तीन कमिट पुश केले. दुसऱ्यानं ‘अप टू डेट’ वाचलं, आपलं काम केलं, पुश मारला. नाकारला गेला. कुठंतरी वाचून त्यानं फोर्स, म्हणजे जबरदस्तीचा पुश, मारला आणि पहिल्याचे तीन कमिट सर्व्हरवरून उडाले. पहिल्यानं फेच केलं, स्टेटस बघितलं, ‘डायव्हर्ज्ड’ (वाटा फुटल्या) हा शब्द दिसला, घाबरला आणि मित्राच्या सांगण्यावरून हार्ड रीसेट मारून, म्हणजे आपली ब्रँच सर्व्हरवर दिसली तशी करून, मोकळा. मग माझ्या दारात उभा. “सर, माह्यं तीन दिवसाचं काम कुठी गेलं जी?”

मी म्हटलं, वरती सरकव स्क्रीन. फेचच्या आउटपुटमध्ये ती ओळ होती. डावीकडं एक अधिकचं चिन्ह, मग सात अक्षरं, तीन टिंबं, सात अक्षरं, आणि शेवटी कंसात ‘फोर्स्ड अपडेट’. “हे पाह्यलं होतं का रे?” “पाह्यलं ना सर. मले वाटलं अधिक म्हणजे काहीतरी नवीन आलं.” त्याचं काय चुकलं? अधिक म्हणजे वाढ, असंच शाळेत शिकवलंय. गिटमध्ये अधिक म्हणजे जबरदस्तीनं बदललं, तारा म्हणजे नवीन आलं, वजा म्हणजे इथून छाटलं, उद्गारचिन्ह म्हणजे नाकारलं, आणि रिकामी जागा म्हणजे सरळ पुढं गेलं. दोन टिंबं असली तर नाव नीट पुढं सरकलंय, तीन असली तर उडी मारून दुसरीकडं गेलंय. एका टिंबाच्या फरकावर तीन दिवसांचं काम! त्या तीन टिंबांच्या डावीकडची सात अक्षरं हाच त्याचा हरवलेला माल होता. त्यांवर नवी ब्रँच काढली, तिन्ही कमिट हजर. म्हणजे आउटपुटमध्ये सगळं होतं. फक्त ‘जुनं इथं होतं, परत हवं तर हे वापरा’ एवढं माणसाच्या भाषेत नव्हतं. रीफ्लॉगमध्येही, म्हणजे नावं कुठून कुठं गेली त्याच्या गिटच्या रोजनिशीत, सापडलं असतं, पण रीफ्लॉग असतो हे माहीत असलेला माणूस असा दारात येत नाही.

रंगाबद्दल फार लिहीत नाही. लाल-हिरवा न ओळखणारी माणसं असतात, उन्हात मोबाइलचा रंग दिसत नाही, आणि आउटपुट फाइलमध्ये वळवलं की गिट मुळातच रंग काढून टाकतं. रंग असावा, पण अर्थ रंगावर टांगू नये.

बटणांचं ॲप? ते घ्यायला माझी ना नाही. पण त्यातही काही अडलं की गिटचीच ती ओळ एका चौकटीत येऊन बसते. शिवाय आमच्या नेटवर सर्व्हरला जोडायचं तर नुसता मजकूर तग धरतो, बाकी काही नाही. खरी अडचण आहे पडद्याची. मोबाइलवर ओळीत चाळीस-पन्नास अक्षरं मावतात, त्यात फेचची लांब ओळ तुटून खाली येते आणि रकाने रकाने राहतच नाहीत. यासाठी गिटमध्ये ‘फेच डॉट आउटपुट’ या सेटिंगला ‘कॉम्पॅक्ट’ करायची सोय आहे. मग त्या ओळीतल्या बाणाच्या (डावीकडं सर्व्हरवरचं नाव, उजवीकडं आपल्याकडचं) दोन्ही बाजूंना तेच नाव पुन्हा न लिहिता एकीकडं तारा येतो. ही सोय आधीपासून आहे, मेसेजवाल्याला बहुतेक माहीत नसावी. आणि कोणी देवनागरीत ब्रँचचं नाव ठेवलं तर जोडाक्षरांनी टर्मिनलवर रकाने कसे वाकडे होतात ते एकदा बघाच.

राहिला स्क्रिप्टचा मुद्दा. हा एकच मुद्दा मला जड वाटला, कारण भीती खरी आहे. पण गिटनं तिची तजवीज फार आधी केलीय. कमांडचे दोन वर्ग आहेत: प्लंबिंग, म्हणजे भिंतीआडचे नळ, आणि पोर्सेलिन, म्हणजे वापरणाऱ्याला दिसणारं भांडं. नावांची यादी देणारी ‘फॉर-ईच-रेफ’ नळातली, तिला साचा द्या, ती त्याच साच्यात बोलते. एकाच नावाची ब्रँच आणि टॅग दोन्ही असतील, तर आखूड नाव देतानाही ती पुढं ‘हेड्स’ किंवा ‘टॅग्ज’ जोडून संशय काढून टाकते. ‘गिट ब्रँच’ मात्र माणसासाठी. तिच्या यादीत चालू ब्रँचपुढं असलेला तारा ग्रेप करून, म्हणजे शोधून, त्या ब्रँचचं नाव काढणाऱ्या स्क्रिप्ट मी ढिगानं बघितल्यात. हेड डिटॅच झालं, म्हणजे आपण कोणत्याच ब्रँचवर नसलो, की तिथं नावाऐवजी कंसातलं वाक्य येतं आणि त्या तोंडावर पडतात. त्यासाठी २०१९ मध्ये चालू ब्रँचचं नुसतं नाव देणारं ‘शो-करंट’ आलं. फेचलाही २०२३ मध्ये स्क्रिप्टसाठी वेगळं आउटपुट मिळालं, आणि त्या पर्यायाचं नाव काय, तर ‘पोर्सेलिन’! भांड्याचं नाव नळाला. आउटपुटवाल्यांनी नावं ठेवताना जरा कोणाला विचारलं असतं तर बरं झालं असतं. असो. स्क्रिप्टना स्वतंत्र दार आहे, म्हणूनच माणसाशी बोलणारी ओळ सुधारायला मोकळीक आहे. मेसेजवाला नेमकं उलटं सांगतोय.

पोरांच्या मशीनवर मी आता चार ओळींची एक स्क्रिप्ट टाकून दिलीय. स्टेटसच्या खाली ती फेच-हेडच्या वेळेवरून ‘शेवटची खबर: काल ६:१०’ असं छापते. परवा त्यांतल्या एकानं पुश मारायच्या आधी मान वर केली. “सर, हे तं कालचं हाये. आधी फेच मारू का?”