पुन्हा एकदा बाऊलमधला क्लाऊनफिश

काल वाढदिवसाला दाजींनी पुस्तक दिलं. चकचकीत कागदात गुंडाळलेलं, वर रिबीन. "तुझ्या त्या माशांवरचंच शोधून आणलंय," म्हणाले. कागद फाडला तर कव्हरवर काचेचा गोल बाऊल, तळाला गुलाबी खडे आणि मधोमध एक बिचारा क्लाऊनफिश, खाऱ्या समुद्रातला मासा. मी "अरे वा!" म्हणालो. बायको माझ्याकडे बघत होती, तिला माहीत होतं पुढे काय होणार ते. पाहुणे गेले आणि मी सुरू झालो. ती झोपायला गेली, म्हणून आता तुम्ही ऐका.

रीफ टँक म्हणजे जिवंत कोरल (प्रवाळ) आणि मासे ठेवलेला खाऱ्या पाण्याचा टँक. त्यावरचं हे माझ्या घरातलं आठवं पुस्तक. त्यातली पाच मी स्वतःच्या खिशातून घेतली आहेत, बाहेरून मागवलेली, एकेकाला तीन-साडेतीन हजार घातलेत. आठातली वाचण्यालायक किती? दोन. फार तर अडीच.

सगळ्यात आधी मँडरिन. अंगभर निळी-नारिंगी नक्षी असलेला तो मासा, बघितला की कोणीही वेडा होतो. माझ्या पहिल्या पुस्तकात त्याच्या फोटोखाली लिहिलं होतं: शांत, रंगीत, नवशिक्यांसाठी उत्तम. उत्तम! टँक लावून तीन महिने झाले होते, मी आणला. पहिले दोन आठवडे दगडांवर टुकटुक टिपत फिरायचा, आम्ही समोर खुर्च्या टाकून बसायचो. मग पोट आत जायला लागलं. फ्लेक्स, म्हणजे सुकं खाणं टाकलं, ढुंकून बघितलं नाही. फ्रोझन टाकलं, तोंडासमोरून वाहत गेलं. पाचव्या आठवड्यात वरून बघितलं की पाठीचा कणा दिसायचा. सहाव्या आठवड्यात गेला. हा मासा दिवसभर दगडांवरचे जिवंत कोपेपॉड, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे किडे टिपून जगतो. ते भरपूर पैदा व्हायला टँक मोठा आणि मुरलेला लागतो, वर्षभर तरी जुना. हे मला कधी कळलं? तो गेल्यावर, चौथ्या पुस्तकात. पहिल्या पुस्तकाच्या लेखकाने मँडरिन कधी पाळला तरी होता का, की नुसता फोटो विकत घेतला होता?

दुसरं दुखणं आकड्यांचं. पुस्तकात ठळक अक्षरात: अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) ३.५ ठेवा. बस्स, पुढे एकक नाही, काही नाही. मी माझ्या किटने मोजली, ९.८. जवळजवळ तिप्पट! घाम फुटला. लागोपाठ तीन रविवार बादल्या भरभरून पाणी बदललं, परदेशी मिठाची अर्धी बादली संपवली, आकडा काही उतरेना. उतरणार कसा? त्या मिठाचं ताजं पाणीच नऊच्या घरातलं. शेवटी कळलं की पुस्तकातला आकडा मिलिइक्विव्हॅलंटमध्ये आणि माझं किट जर्मन डिग्रीत. एका मिलिइक्विव्हॅलंटला २.८ डिग्री. आता गुणा ३.५ ला २.८ ने. नऊ पूर्णांक आठ! माझं पाणी पहिल्या दिवसापासून तंतोतंत बरोबर होतं आणि मी लुंगी वर खोचून तीन रविवार बादल्या उपसत होतो. एक शब्द छापायला काय शाई महाग झाली होती?

गॅलनचं तेच. अमेरिकेतला गॅलन ३.८ लिटरचा, ब्रिटिश साडेचार लिटरचा. औषधाचा डोस "दर गॅलनला इतका" असा दिलाय, पण कोणाचा गॅलन ते तुम्हीच ओळखा. मासा तुमचा, मेला तर तुमचा.

आणि हवामान! ही सगळी पुस्तकं अशा माणसांनी लिहिलीत ज्यांच्या खिडकीबाहेर बर्फ पडतोय. एका पुस्तकात हिटरवर अकरा पानं आहेत. कोणता हिटर, किती वॉटचा, कुठे लावायचा, बिघडला तर काय. पाणी थंड ठेवण्यावर? एक परिच्छेद. "उन्हाळ्यात गरज वाटल्यास छोटा पंखा लावावा." मी माहीमला राहतो हो. मे महिन्यात माझ्या हॉलमध्ये माणसं शिजतात. टँक हवा २५-२६ अंशांवर, तो दुपारी ३१ ला जातो, आणि कोरल रंग सोडून पांढरं पडायला लागतं. पंखा लावला. पंख्याने पाणी थंड होतं ते बाष्पीभवनाने, आणि आमच्या दमट हवेत बाष्पीभवन होतंय कुठे धड? जेमतेम दीड-दोन अंश उतरतं. शेवटी चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र घेतलं, पगाराचा मोठा लचका तोडून. आई अजून विचारते, "माशांना एसी आणि मला पंखा?" उत्तर नाही माझ्याकडे.

त्या एका परिच्छेदात एक गोष्ट लिहिली असती तरी पाय धरले असते. उडतं ते नुसतं पाणी, मीठ खालीच राहतं. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची घालायची, खाऱ्या नाही. ओळखीच्या एका मुलाने असंच कुठलंसं पुस्तक वाचून महिनाभर खारं पाणी भरलं. त्याच्या टँकचं लोणचं झालं.

त्याहून वरची ओळ ऐका. "समुद्रकिनारी राहणाऱ्या वाचकांना स्वच्छ समुद्राचं पाणी विनामूल्य उपलब्ध असतं." माझ्या घरापासून समुद्र चालत दहा मिनिटांवर आहे. मिठी नदी तिथेच येऊन मिळते. आणू बादली भरून?

आणि किनाऱ्यावरून कोरलचे दगड गोळा करा म्हणे, हौशी माणसाला स्वस्त पडतं! आपल्याकडे खडक बांधणारी कोरलं, काळं कोरल, समुद्रपंखे हे सगळं २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. पुस्तकाचं ऐकून मालवणहून पिशवीत दोन तुकडे घालून आणले तर टँक राहील बाजूला, वकील शोधावा लागेल. परदेशी लेखकाला आपला कायदा माहीत नसणार, मान्य. पण तेच पुस्तक इथे छापून, इथली किंमत लावून विकणाऱ्याने एक चिठ्ठी चिकटवायला काय हरकत होती?

मराठीत शोधा म्हणाल. शोधलं. मत्स्यालयावरची पुस्तकं मिळाली, गप्पी आणि गोल्डफिशची. खाऱ्या पाण्यावर शेवटी दीड पान, आणि त्याच्या चौपट जागा टँक कुठल्या दिशेला ठेवावा याला. आठ सोनेरी मासे आणि एक काळा, म्हणजे घरात लक्ष्मी. माझ्या घरातली लक्ष्मी टँकवाटेच बाहेर गेलीय, ती दिशा कुठली ते सांगा.

जुनी पुस्तकं वाईट असतात असं मात्र मी म्हणणार नाही. डेलबीक आणि स्प्रंग यांच्या रीफ टँकवरच्या ग्रंथाचा पहिला खंड १९९४ चा आहे. त्यातली दिव्यांची माहिती आज जुनी झाली, तेव्हा एलईडी कुठे होते. पण कोरल काय खातं, शेजाऱ्याला कसं डसतं, कुठे प्रकाश मागतं आणि कुठे प्रवाह, हे आजही तसंच, कारण कोरल बदललेलं नाही. माझा राग जुन्या मजकुराला नवं कव्हर चढवणाऱ्यांवर आहे. "सुधारित आवृत्ती" म्हणून घ्यावं, तर आत खडीखालचा फिल्टर आणि खारटपणा (गोड्या पाण्याच्या तुलनेत घनता) १.०२० ठेवायचा सल्ला. अहो, ते नुसते मासे ठेवणाऱ्यांचं जुनं गणित. कोरलला १.०२५-१.०२६ लागतं, समुद्राइतकं.

आणि आता ही नवी जमात. साठ पानं, अनुक्रमणिका नाही, सूची नाही, लेखकाचा पत्ता नाही. त्याच नावावर त्याच वर्षी एअर फ्रायर, बोन्साय आणि पाठदुखी. "कोरल हे निसर्गाचं अद्भुत देणं आहे" हे वाक्य तीन प्रकरणांत तीनदा. दाजींचं पुस्तक ह्या जमातीतलं.

आता मी पुस्तक हातात घेतलं की आधी मागची सूची उघडतो. अल्कलिनिटी सापडली नाही तर खाली ठेवतो. मग मँडरिन काढतो, त्याच्यापुढे "सोपा" लिहिलं असेल तर पुढे वाचत नाही. मग निळा टँग नावाचा मासा. तो पूर्ण वाढला की फूटभर होतो, आणि लेखक शंभर लिटरमध्ये चालेल म्हणत असेल तर लेखकालाच शंभर लिटरमध्ये ठेवावं. शेवटी बघतो ते हे, की बाबा रे, तुझं स्वतःचं काही मेलंय का? ज्याने आपल्या हातून काय मेलं आणि का मेलं हे लिहिलंय, त्याला माझे साडेतीन हजार खुशाल.

दाजींच्या पुस्तकात मँडरिन पान २३ वर आहे. पुढे तीन हसऱ्या चेहऱ्यांची चित्रं छापलीत, म्हणजे "अगदी सोपा". आणि मघाशीच ताईचा मेसेज आलाय: "वाचलंस का? ह्यांना फोन कर, वाट बघतायत."