बापटांची मिशी आणि लँकेस्टरचं धुणं

बापटांनी पहाटे पाच चाळीसला ग्रुपवर टाकलेला आमिश लोकांचा तो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता. आमिश म्हणजे अमेरिकेतली जुन्या वळणाची, मोटारी-टीव्हीपासून लांब राहणारी ख्रिस्ती जमात. घोडागाडी, अनवाणी पोरं, आणि खाली बापटांचं भाष्य : ‘याला म्हणतात संसार!!!’ त्यामुळे संध्याकाळी फडके रोडच्या कोपऱ्यावर विषय कुठला, हे चहाआधीच ठरलेलं.

“मोबाइल नाही, टीव्ही नाही, घरात सात-सात मुलं आणि एक किरकिर करेल तर शपथ!” बापट एका हातात कटिंग आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून म्हणाले. “नाही तर आमची सून. एकुलतं एक पोर, त्याला भरवायला यूट्यूब.”

“किरकिर ऐकू कशी येणार? वर बासरी लावलीय,” साळवी म्हणाला.

तेवढ्यात कर्णिकांच्या सुधावहिनी मेथीची जुडी घेऊन आल्या. लेकीचं बाळंतपण करून मार्चमध्येच अमेरिकेतल्या हॅरिसबर्गहून परतल्यात. तिथून आमिशांचं लँकेस्टर तासाभराच्या आत, म्हणजे हे लोक त्यांनी रस्त्यावर, बाजारात पाहिलेले. (मी वहिनींच्या बाजूचा आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.)

“त्या लोकांना फोटोला उभं राहायला आवडत नाही, बापट. न विचारता काढलेला दिसतोय तुमचा संसार,” वहिनी म्हणाल्या. “बरं, सोमवारचा व्हिडिओ आहे का?”

“सोमवारी काय?”

“सोमवारी तिकडे धुणं. नऊ माणसांचं. वीज बाहेरच्या तारेवरून घ्यायची नाही, म्हणून मशीन इंजिनावर नाही तर हवेच्या दाबावर चालवतात. मग एकेक कपडा दोन रुळांमधून पिळून काढायचा. उसाच्या रसवाल्याचा चरक असतो ना, तस्सं. त्यानंतर कप्पीच्या दोरीवरून पार कोठाराच्या उंचीपर्यंत चढवायचं. आणि कपडे घरीच शिवायचे, हे वेगळंच.”

“कष्टांनी कुणी मरत नाही. आमची आई पहाटे चारला…”

“आई चारला उठायची. तुम्ही किती वाजता उठायचात?”

बापट गप्प बसले की साळवी सात बावन्नची फास्ट काढतोच. बावीस वर्षं खिडकी बापटांकडे. चौथ्या सीटची पाळी आली की बरोबर गुडघा दुखायचा. विषय मोदींचा असो की मोदकांचा, ही लोकल त्यात येतेच. पाच मिनिटं तीच धावली.

मग बापटांनी नवा मोर्चा उघडला. “डॉक्टरची पायरी चढत नाहीत ते!”

साळवी आयुष्यभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होता, तो उखडलाच. “कोण म्हणतं? मोजक्या घराण्यांतून वाढलेली जमात, लग्नं आपसांतच, म्हणून काही आनुवंशिक आजार पोरांमध्ये जास्त. लँकेस्टरच्या भागात 1989 पासून त्यासाठी खास दवाखाना आहे. त्याची पहिली इमारत उभारायला हेच लोक राबले. विमा काढत नाहीत, बिल मोठं आलं तर मंडळी मिळून भरतात. फक्त शिक्षण आठवीपर्यंत. 1972 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं तशी मुभा दिली.”

“बघा! कोर्टसुद्धा म्हणतंय!”

“तुमची नात आठवीत ना?” वहिनींनी विचारलं. “काढा शाळेतून.”

“छे! तिला आत्ताच आयआयटीच्या क्लासला घातलंय.”

त्यानंतरचं हसणं ओसरल्यावर वहिनी मात्र जरा वेगळ्याच सुरात बोलल्या. “रस्त्याकडेला लोणची-मुरंबे विकणारी एक बाई भेटली. कडेवर सहावं. मी विचारलं, तुझं बाळंतपण कुणी केलं? ती बघतच राहिली. म्हणाली, कुणी म्हणजे? सुईण आली, बहीण आली, नणंदेची मुलगी पुढे काही आठवडे राहिली, जेवण आज या घरून, उद्या त्या घरून. आणि माझ्या लेकीला कोण? कायद्यानं बारा आठवडे रजा, तीही बिनपगारी. जावई दोन आठवड्यांत कामावर. राहिले मी. पासपोर्टवर सहा महिन्यांचा शिक्का मारलेली आई. परतताना विमानतळावर ती बाळाला घेऊन उभी होती ना, तेव्हा मला ती मुरंबेवाली आठवली. घोडागाडी नको, चरक नको. पण ती नणंदेची मुलगी कुठे मिळते, सांगा.”

कुणी काही बोललं नाही. कर्णिक रिकाम्याच ग्लासातून चहा प्यायले.

बापटांना मात्र हा विजय वाटला. “म्हणजेच एकत्र कुटुंब! मी तेच म्हणतोय!”

“एकत्र खरं,” वहिनी म्हणाल्या, “पण तिकडे म्हातारा-म्हातारी शेती पोराच्या हाती देऊन शेजारच्या छोट्या घरात राहायला जातात. तुम्ही सुनेला अजून सिलिंडर बुक करू देत नाही.”

“आणि लग्न झालं की दाढी ठेवायची,” साळवी म्हणाला, “मिशी मात्र सफाचट.”

बापटांचा हात आपोआप वर गेला. चाळीस वर्षं पिळलेली ती मिशी. जकातनाक्यावर ट्रकवाले तिलाच सलाम ठोकायचे म्हणे.

“म्हणून तर नाव आ-मिश!” कर्णिकांना अखेर वाचा फुटली. “मिशी नाही तो आमिश!”

टपरीवाला सांडशीसकट खाली बसला. वहिनींनी जुडी मोडून अर्धी मेथी बापटांच्या हातात कोंबली. “घरी जाऊन निवडा. व्हिडिओ नंतर टाका.”

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच चाळीसला ग्रुपवर व्हिडिओ होताच : जपानी लोक शंभर वर्षं कसे जगतात. मेथीचं काय झालं, ते कळलं नाही.