ब्लॉगची कमाई आणि सोसायटीची टपालपेटी

ब्लॉगवर पैसे कमवायचे तर छान लिहिता यायला हवं, असा समज आहे. माझ्या मते त्याआधी पत्ता लिहिता यायला हवा.

ब्लॉगवर जाहिराती लावून त्याचे पैसे देणारी गुगलची सेवा म्हणजे अ‍ॅडसेन्स. तिच्या खात्यात 10 डॉलर जमले की पत्ता खरा आहे का हे बघायला सहा आकडी पिन निघतो. ओटीपीच्या जमान्यात, साध्या टपालाने! यायला दोन ते चार आठवडे. नवी मुंबईकर सुखी. सेक्टर, प्लॉट, विषय संपला. ठाण्यात घोडबंदर रोडला पत्ता म्हणजे प्रवासवर्णन: अमुक हाइट्स, फेज दोन, पेट्रोल पंपाच्या मागे, मेट्रोच्या खांबासमोर. या वर्णनात फ्लॅट नंबर हरवतो. म्हणून फ्लॅट आणि विंग पहिल्या ओळीत, इमारत आणि रस्ता दुसऱ्या. पेट्रोल पंप वगळावा; पोस्टमनला तो माहीत असतो.

येतो तो पोस्टकार्डाएवढा पांढरा कागद. टपालपेटीत त्याचे शेजारी कोण? वॉटर प्युरिफायरची पत्रकं, दहावीचे क्लासेस, मागच्या भाडेकरूचं विजेचं बिल. रविवारी कुणीतरी उत्साही सभासद पेटी साफ करतो आणि तुमची कमाई रद्दीत जाते. वॉचमनला आधीच सांगून ठेवावं. पहिला पिन निघाल्यापासून चार महिन्यांत तो भरला नाही तर जाहिराती दिसायच्या थांबतात. तोवर दुसरा मागवता येतो. आणि हो, पिनच्या रकान्यात पिनकोड भरू नये. कासारवडवलीचा 400615 हाही सहा आकडीच, पण तीनदा चुकलं की जाहिराती बंद.

पहिले पैसे काढायला मात्र 100 डॉलर लागतात. हजार वेळा पान उघडल्यावर अर्धा डॉलर धरला, तर दोन लाख वेळा पान उघडायला हवं. हा हिशोब फॅमिली ग्रुपवर चुकूनही सांगू नये. मावशी लगेच म्हणते, "लिंक टाक रे, आम्ही सगळे दाबतो." एरवी शंभरात एखाददुसरा जाहिरातीवर क्लिक करतो. इथे त्याच दहा फोनांवरून, जेवणं झाल्यावर, रोज चाळीस क्लिक! यंत्रणेला माया कळत नाही. ती त्याला अवैध क्लिक म्हणते, पैसे कापते, प्रसंगी खातंच बंद करते. मावशीला लेख शेवटपर्यंत वाचायला सांगावं. म्हणजे ती लिंक उघडतच नाही.

खात्यात 100 डॉलर एप्रिलमध्ये पूर्ण झाले तर पैसे मेच्या 21 ते 26 तारखांदरम्यान निघतात. खात्यावरचं नाव बँकेतल्यासारखंच हवं. पासबुकात आडनाव आधी असेल तर इथेही आधी. मग स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशी व्यवहारांसाठी बँकेची ओळख. इथे हमखास देशातल्या व्यवहारांचा आयएफएससी भरला जातो, कारण तो अकरा अक्षरी आणि स्विफ्टही बऱ्याचदा अकराच. ओळखायची खूण: आयएफएससीत पाचव्या जागी शून्य असतं, स्विफ्टमध्ये पाचवं-सहावं अक्षर भारताचं, म्हणजे 'आय' आणि 'एन'. प्रत्येक शाखेला हा कोड नसतो. मग आपल्या बँकेच्या परदेशी व्यवहार करणाऱ्या शाखेचा विचारून घ्यावा.

एवढं झालं की बँकेतून फोन येऊ शकतो: "परदेशातून रक्कम आलीये, कशाबद्दल?" इथे छाती फुगवून "लेखनाबद्दल" म्हणू नये. "जाहिरातींचे" म्हणावं. फॉर्मवर रकाना त्याचाच आहे.