पारा खायचाय? मग मासा मोठाच घ्या

झिंकच्या गोळ्या झाल्या, आयर्नचं सिरप झालं, एवढं सगळं गिळून पारा तेवढा राहूनच जातो बघा. टेन्शन नाय, त्यासाठी थर्मामीटर फोडायला नको, मासा आहे ना, त्यातला पारा ९० टक्क्यांहून जास्त अंगात जिरतो.

फक्त तारलीसारखी चिल्लर घेऊ नका. ती बिचारी दोन-चार वर्षं जगणार, तिच्यात जमून जमून जमणार किती? शार्क घ्या, स्वोर्डफिश घ्या, मोठा ट्यूना घ्या. कसंय, कोळसा जळतो, सोन्याच्या छोट्या खाणींत पारा वापरतात, ते सगळं हवेतून पावसातून समुद्रात येतं, गाळातले बॅक्टेरिया त्याचं मिथाइलमर्क्युरी, म्हणजे अंगात जिरणारा पारा, करतात, ते शेवाळात जातं, शेवाळ बारके जीव खातात, त्यांना छोटा मासा, त्याला मोठा, आणि असं करत करत पाण्यात होतं त्याच्या लाखो पट वरच्या माशात गोळा होतं. एवढ्या सगळ्यांनी तुमच्यासाठी घास घास जमवलेलं असतं हो, नाही म्हणू नये.

आणि लिंबू पिळा, मीठ चोळा, कातडी काढा, कडक तळा, काही फरक पडत नाही. पारा मांसातल्या प्रोटीनलाच चिकटलेला असतो, उलट तळताना पाणी उडतं आणि घासागणिक पारा जरा जास्तच मिळतो. युरोपात तर बऱ्याच माशांना किलोमागे ०.५ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी अशी लिमिट आहे, शार्क आणि स्वोर्डफिशला मात्र १. पोरगं नापास व्हायला लागलं की पासिंगच खाली आणायचं, तसलं.

पारा तसा चंचल, दीड-दोन महिन्यांत निम्मा निघून जातो, म्हणून दर आठवड्याला भरत राहा. लाँग टर्म हवं असेल तर कॅडमियम, हाही पाऱ्यासारखाच विषारी धातू. खेकडा फोडला की पाठीखाली ते तपकिरी मऊ असतं ना, ज्याच्यावरून ताटावर भांडणं होतात, त्यातच ते असतं. किडनीत १० ते ३० वर्षं मुक्काम, मोडायची सोय नाही. आर्सेनिकवर मात्र विसंबू नका, माशातलं बहुतेक निरुपद्रवी निघतं, दगाबाज.

घरात कोणी गरोदर असेल तर मोठा तुकडा तिलाच वाढा, डॉक्टर नको म्हणतात पण त्यांचं कोण ऐकतं. पारा वार ओलांडून थेट बाळाच्या मेंदूपर्यंत जातो. जपानात मिनामाताला एका केमिकल फॅक्टरीचं सांडपाणी खाडीत जायचं, तिथल्या कित्येक आया वरून धडधाकट होत्या आणि पोरं जन्मतःच वाकडी, ना बोलता येई ना चालता. आजाराची अधिकृत नोंद झाली १९५६ मध्ये, आणि पारा सोडणं थांबलं १९६८ मध्ये, घाई कशाला.

नोंदीच्या आधीच तिथली मांजरं मासे खाऊन गोल गोल नाचत, झटके येऊन समुद्रात पडत होती. तेव्हा जेवताना पायाशी मांजर घुटमळत असेल तर एक तुकडा त्यालाही टाका. लॅबच्या आधी रिपोर्ट तेच देईल.